पंक्तीतला मुद्देमाल

चावायचं सगळ्यात आधी कोण थांबलं ते चैतालीनं बरोबर पाहिलं, कारण ती रश्शाचं पातेलं घेऊन उभी होती आणि तिथून तिला सगळी ताटं दिसत होती. आधी तिचे सासरे, नागसेन तात्या, थांबले. मग नवरा, प्रसेनजित. तात्यांची थोरली बहीण सुमनबाई यांनी घास एका गालात सरकवून ठेवला, गिळला नाही. श्रावस्ती तेवढी जेवत होती, आणि जेवता जेवता सांगत होती.

जेवण तिच्यासाठीच होतं. ज्यांना वकील परवडत नाही अशा माणसांचे खटले ती तालुक्याच्या कोर्टात चालवायची. विधी सेवा समिती नेमून द्यायची आणि ती उभी राहायची. आता तिचं नाव जिल्ह्याच्या पॅनेलवर लागलं होतं. तिचे वडील गुलाबभाऊ हे बघायला राहिले नव्हते. म्हणून त्यांच्या धाकट्या भावानं, तात्यांनी, ठरवलं की पोरीच्या नावानं घरात बोकड कापायचाच.

श्रावस्तीनं सांगितलं ते एवढंच होतं. श्रीमंत नावाच्या आरोपीच्या खटल्यात ती वकील होती आणि तिचा अर्ज मंजूर झाला होता. गुरुवारी मुद्देमाल कोर्टात हजर करायचा होता. कोर्टामागच्या मोकळ्या जागेत एका टोकाला फिर्यादी उभा राहील, दुसऱ्या टोकाला आरोपी. मध्ये बोकड सोडायचा. तो कुणाकडं जातो ते न्यायाधीश मॅडम स्वतः बघणार होत्या.

"तुम्हाला काहीच करायचं नाही तात्या," ती म्हणाली. "बोकड तेवढा घेऊन यायचा. तो तर तुमच्याकडंच आहे."

मग तिनं ताट पुढं केलं. "वहिनी, काळीज उरलंय का?"

चैतालीनं काळीज वाढलं. ते त्याच बोकडाचं होतं.

फिर्यादी म्हणजे तात्या, हे घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे. भांडण साधं होतं. श्रीमंत हा गावाची शेरडं राखायचा. त्याच्या कळपात तात्यांची शेरडी होती आणि त्याची स्वतःचीही होती. दोघी एकाच सुमाराला व्याल्या. दोघींना काळी पिलं झाली, कारण या जिल्ह्यातली शेळी काळीच असते आणि तिला त्याबद्दल दोष देता येत नाही. एक बोकड मोठा होऊन श्रीमंतच्या दारात बांधलेला दिसला तेव्हा तात्या म्हणाले, हा माझा. श्रीमंत म्हणाला, न्हाय. शब्दाला शब्द लागला आणि तात्यांनी चोरीची फिर्याद दिली. पोलिसांनी बोकड जप्त केला. ठाण्यात बोकड सांभाळायची सोय नसते, म्हणून खटला संपेपर्यंत त्याला सांभाळायला तात्यांच्याच ताब्यात दिलं. कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन तात्यांनी सही केली. याला सुपूर्दनामा म्हणतात.

श्रीमंतला जामीन श्रावस्तीनं पहिल्याच आठवड्यात मिळवून दिला होता, पण त्यानं काही सुटलं नव्हतं. ज्याच्यावर शेरडू चोरल्याचा खटला आहे त्याच्या मागं कुणी आपलं शेरडू धाडत नाही. तो रोज सकाळी काठी घेऊन गल्लीतून जायचा, मागं त्याची स्वतःची एकुलती एक शेरडी. सगळ्या दारांसमोर थोडा हळू चालायचा. दारं बघत राहायची.

श्रावस्तीची नेमणूक झाली तेव्हा तिनं कोर्टात उभं राहून सांगितलं होतं की फिर्यादी माझे चुलते आहेत. वकील बदलून मिळेल, असं श्रीमंतला समजावण्यात आलं. तो म्हणाला, हीच बाई पायजे, त्या घरची शेरडं हिला ठावकी हायेत. हरकत तात्यांनीही घेतली नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता. समोरच्याची वकील आपलीच पोर असेल तर ती आपल्या चुलत्यापुढं जरा दमानं, सुबकपणे हरेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती हरत नव्हती. दर तारखेला ते घरी येऊन म्हणायचे की पोरगी लई चांगलं बोलली, आणि मग त्यांना आठवायचं की ती कुणाविरुद्ध बोलली.

श्रावस्ती तालुक्याला, लोहाऱ्याला, जाणाऱ्या जीपमध्ये बसून गेली तशी सुमनबाईंनी गालातला घास गिळला.

"नागसेना, कोर्टाचा बोकड कापलास व्हय रं तू?"

"कोर्टाचा कसा आक्का? माझाच की. कोर्टानं म्हनलं सांभाळ, तर सांभाळला. किती सांभाळायचा मानसानं?"

सुमनबाईंनी विचारलं की मग घरात दुसरा बोकड नव्हता का. होता. तो बारका होता, असं तात्या म्हणाले. प्रसेनजितनं बापाची बाजू घेतली. तो एसटीत कंडक्टर होता आणि त्याच्या मते कुठलीही गोष्ट पुढच्या थांब्यापर्यंत ढकलता येते. चैताली म्हणाली, मला ठाऊक असतं तर मी हातच लावला नसता. त्यावर प्रसेनजित म्हणाला, तूच म्हणालीस की मांस कोवळं आहे. ती म्हणाली, कोवळं होतं म्हणून म्हणाले, कायदेशीर होतं असं नाही म्हणाले.

तात्या या बोलण्यात नव्हते. ते गोठ्याच्या मेढीकडं बघत होते. बोकड का कापला याचं खरं कारण बारका-मोठा नव्हतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बोकड त्यांच्याकडं आला त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की तो दाव्याला हिसके द्यायचा. सुटला की गल्लीच्या टोकाला, श्रीमंतच्या दारात जाऊन उभा राहायचा. तात्या अंधारलं की फेटा जरा पुढं ओढून जायचे आणि त्याला कान धरून आणायचे. श्रीमंत दारात बसलेला असायचा. काही बोलायचा नाही. एकदा तेवढं त्यानं, "पानी पाजलंय," असं सांगितलं होतं. पुढं पुढं तात्यांना बोकडाचा राग यायला लागला. माणसाची इज्जत काढावी तर माणसानं काढावी.

शेवटी प्रसेनजितचंच ठरलं. तसाच दुसरा काळा बोकड आणायचा. सुमनबाईंनी आठवण दिली की पंचनाम्यात उजव्या कानावर पांढरा ठिपका लिहिलाय. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण पंचनाम्याच्या वेळी बोकडाचा कान त्यांनीच धरला होता. प्रसेनजितनं बायकोकडं बघितलं. चैतालीचं गावात ब्युटी पार्लर होतं.

"न्हाय," चैताली म्हणाली.

"ठिपका तर हाय एवढासा," सुमनबाई म्हणाल्या. मघापर्यंत त्या भावाला बोलत होत्या. आता कधी त्याच्या बाजूला गेल्या ते कुणालाच कळलं नाही.

बोकड तेरखेड्याहून आला. प्रसेनजितच्या डेपोतल्या एका मित्राच्या सासुरवाडीचा होता. मित्रानं सांगितलं होतं की फटाक्यांच्या गावातला आहे, कशालाच भीत नाही. ते खरं होतं, आणि तीच अडचण झाली. तो प्रसेनजितला भीत नव्हता, सुमनबाईंना भीत नव्हता, आणि चैतालीच्या हातातल्या ब्लीचच्या वाटीत त्यानं सरळ तोंड घालायला बघितलं.

चैताली कामाला पक्की होती. गिऱ्हाईक कुणीही असो, आधी थोडं लावून बघितल्याशिवाय ती पुढं जात नसे. तिनं बोकडाच्या कानामागं बोटभर ब्लीच लावलं आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. कातडी लाल झाली नाही. मग तिनं बोकडासमोर पाट घेतला, आणि आपल्या उजव्या हाताकडचा कान धरून ठिपक्याएवढं ब्लीच लावलं.

काळा केस ब्लीचनं एकदम पांढरा होत नाही. आधी तांबूस होतो, मग पिवळट, आणि पांढरा व्हायला धीर लागतो. बोकडाला धीर नव्हता. त्यानं कान झटकला आणि ठिपका पसरला. थोड्या वेळानं पुसून बघितलं तर अर्धा कान तांब्याच्या घागरीसारखा झळकत होता.

सुमनबाई बोकडाच्या मागून फिरून आल्या, पुन्हा मागं गेल्या, आणि म्हणाल्या, "चैताली, ह्यो डावा हाय."

चैतालीनं आपला हात बघितला, बोकड बघितला. पार्लरमध्ये ती बाईच्या मागं उभी राहते आणि दोघी आरशात बघतात. तिच्या उजव्या हाताला बाईचा उजवा कान असतो. इथं आरसा नव्हता आणि गिऱ्हाईक तोंडासमोर होतं. तिला हे सगळं एका क्षणात समजलं, पण त्याचा बोकडाला उपयोग नव्हता.

प्रसेनजित म्हणाला की आता दुसऱ्या कानालाही लावू, निदान सारखं तरी दिसेल. चैतालीला हे पटलं, कारण पार्लरमध्ये एक भुवई बिघडली की हेच करतात. दुसरा कान तांबडा होत आला होता तेव्हा फाटकाशी श्रावस्ती येऊन उभी राहिली.

ती बोकडाच्या कानाचा फोटो काढायला आली होती. ठिपका पंचनाम्याशी जुळतो का ते आधी बघून ठेवावं, एवढाच तिचा विचार होता. हातातला मोबाइल तिनं वर धरला आणि मग खाली केला.

"हा कोण?"

"पाव्हना," सुमनबाई म्हणाल्या.

"आत्या, आपला कुठं आहे?"

प्रसेनजित दाव्याची गाठ बघायला लागला. चैतालीला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही बोलायचं नव्हतं. पण तिची नजर श्रावस्तीच्या पोटावरून गेली, आणि श्रावस्तीनं ती नजर पाहिली.

ती धुण्याच्या दगडावर बसली. मोबाइल तिनं मांडीवर पालथा ठेवला. मग एवढंच म्हणाली, "काळीजपण?"

"ते पन," चैताली म्हणाली.

तात्या गोठ्यातून बाहेर आले. त्यांनी सांगायला सुरुवात केली की पोरी, घरातलं घरात ठेव, गुरुवारी हा बोकड कुणाकडंही गेला तरी कुणाला काय कळतंय. कान तांबडे झालेत ते उन्हानं झाले म्हणता येईल. प्रसेनजितनं मान हलवली. श्रावस्तीनं सगळं ऐकून घेतलं.

"तात्या, तुम्ही मला वाढवलं. शाळेत सोडायला तुम्ही यायचा. घरात तुम्ही सांगाल ते मी करीन. पण त्याला वकील नाही म्हणून मला नेमलंय. त्याच्याजवळ दुसरं कुणी नाही. मी पण तुमच्याकडनं झाले तर मग तो एकटाच उभा राहतो."

"आगं, मग तू खाल्लंस त्याचं काय?" सुमनबाई म्हणाल्या. "दोनदा वाढून घेतलंस."

हे त्या रागानं म्हणाल्या, पण श्रावस्तीला त्यात कायदा दिसला, आणि तो तिला स्वतःलाच आधी दिसायला हवा होता. जो खटल्यात साक्षीदार होऊ शकतो त्यानं त्या खटल्यात वकिली करायची नसते. मुद्देमालाचं शेवटी काय झालं याची ती साक्षीदार होती. नुसती पाहणारी नव्हे. म्हणजे हा खटला तिच्या हातून जाणार, श्रीमंतला दुसरा वकील नेमणार, तो वकील कागद वाचायला तारीख मागणार, आणि तोवर गल्लीतल्या एकाही दारातनं एकही शेरडू बाहेर पडणार नाही. तिनं एवढा चांगला अर्ज केला होता. अर्जातली एकमेव चूक ही होती की बोकड कापायच्या आधी तो मंजूर व्हायला हवा होता.

"मी आत्ता त्याच्याकडं जाते," ती उठत म्हणाली. "कोर्टाच्या आधी त्याला कळायला पाहिजे. उद्या मी कोर्टात काय सांगणार ते ठरलेलंच आहे. तुम्ही काय सांगणार ते तुमचं तुम्ही ठरवा."

तात्या तिच्या मागं गेले नाहीत. पण फाटकाबाहेर आले आणि तिथंच उभे राहिले. तिथून गल्लीचं टोक दिसत होतं.

श्रीमंत दारात बसला होता. श्रावस्ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली आणि तिनं सगळं सांगितलं, स्वतः दोनदा वाढून घेतल्यासकट. पिलू असताना त्या बोकडाला आईचं दूध पुरायचं नाही, तेव्हा श्रीमंतनं त्याला बाटलीनं पाजलं होतं, हे तिला त्यानंच पूर्वी सांगितलं होतं. म्हणून ती बोलताना त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. तो बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग त्यानं विचारलं की कालवण कुणी केलं होतं. चैतालीवहिनीनं, असं ती म्हणाली. मग चांगलं झालं असंल, असं तो म्हणाला. नंतर मान वर करून त्यानं फाटकापाशी उभ्या असलेल्या तात्यांकडं पाहिलं, आणि हळू आवाजात, तिलाच विचारलं:

"बाई, आता चोर मी का त्ये?"

तिनं हा प्रश्न परत येताना तात्यांना जसाच्या तसा सांगितला. तात्या फाटक लावून गोठ्यात गेले. ते त्या दिवशी जेवलेही नाहीत. मटण तसंही संपलं होतं.

गुरुवारी सगळं घर कोर्टात होतं. बोकडही होता, कारण त्याला घरी ठेवलं तर तो धुणं खात होता. प्रसेनजित त्याला घेऊन बाहेर कडुलिंबाखाली उभा राहिला. जाणारी येणारी माणसं कान बघायला थांबत होती, आणि एका बाईनं चैतालीला हा रंग कुठल्या कंपनीचा असं विचारलं.

पुकारा झाला. श्रावस्ती उठली आणि काही सांगायचं आहे म्हणाली, पण त्याआधीच तात्या पुढं गेले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी फेटा काढून हातात घेतला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मॅडम, बाहीर बोकड आनलाय. पर ह्यो त्यो न्हाय. त्यो आमी खाल्ला."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. मॅडमनी चष्मा वर केला आणि विचारलं, आम्ही म्हणजे कोण?

तात्यांनी मागं वळून बघितलं. सुमनबाई बाकावरून उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी चैताली उभी राहिली. दारातून ऐकणारा प्रसेनजित, हातात दावं धरूनच, दोन पावलं आत आला, आणि त्याच्यामागं बोकडाचं डोकं आलं. श्रावस्ती आधीपासूनच उभी होती, वकील उभीच असते. म्हणून तिनं हात वर केला.

"मीसुद्धा, मॅडम."

सरकारी वकिलांनी फाइल तोंडासमोर धरली. ते हसत होते की वाचत होते हे नीट कळलं नाही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. सुपूर्दनाम्यावर सही करताना काय लिहून दिलं होतं ते माहीत आहे का, असं त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, माहीत आहे. मग असं का केलं?

आता तात्यांना बारका-मोठा सांगता आलं असतं. त्यांनी श्रीमंतकडं पाहिलं. तो आरोपीच्या जागी उभा होता, इस्त्री केलेल्या सदऱ्यात.

"बोकड माझा नव्हता. रोज सांजच्याला दावं तोडून ह्येच्या दारात जायाचा. म्या आनायचा, त्यो परत जायाचा. रोज. मला कळल्तं मॅडम. पर फिर्याद दिऊन बसल्तो."

म्हणजे कोर्टामागच्या मोकळ्या जागेत जो प्रयोग व्हायचा होता, तो बोकडानं आधीच पुन्हा पुन्हा करून दाखवला होता. निकाल तात्यांनी लपवून ठेवला होता, आणि मग खाऊन टाकला होता.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. श्रावस्तीनं खटल्यातून बाजूला होण्याचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. पॅनेलवरच्या दुसऱ्या वकिलांना श्रीमंतचं काम देण्यात आलं. त्यांना करायला फारसं उरलं नव्हतं. पुढच्याच तारखेला श्रीमंत निर्दोष सुटला. तेरखेड्याचा बोकड तात्यांनी कोर्टाच्या आवारातच त्याच्या हातात दिला होता. सुपूर्दनामा मोडल्याची तात्यांवर वेगळी कारवाई सुरू झाली, आणि तिच्यात श्रावस्ती साक्षीदार होती. तात्यांना सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं. एवढी चांगली वकील घरात असून ती आपल्याला चालत नाही, असं ते येईल त्याला सांगायचे.

निकाल लागला तरी गल्लीतल्या दारांना तो कळायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंत काठी घेऊन निघाला, मागं त्याची दोन जनावरं. दारं उघडी होती. बायका झाडत होत्या, झाडता झाडता बघत होत्या. सुटला म्हणे, असं कुणीतरी म्हणालं, पण दाव्याला कुणी हात लावला नाही.

श्रावस्ती त्या सकाळी गावातच होती. चहाचा कप घेऊन ती ओट्यावर उभी होती तेव्हा गोठ्यातून तात्या बाहेर आले. दोन्ही हातांत दावी होती आणि मागं घरातली सगळी शेरडं, बारका बोकडसुद्धा. त्यांनी ती गल्लीच्या मधोमध आणून उभी केली, सगळ्यांना दिसतील अशी. एकेका गळ्यातलं दावं सोडलं. गाठ पक्की होती, वेळ लागला, पण त्यांनी कुणाला मदतीला बोलावलं नाही.

"ने," ते श्रीमंतला म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

श्रीमंतनं शेरडं काठीनं आपल्याकडं वळवली. त्याची आणि तात्यांची एकमेकांत मिसळली. तो चार पावलं गेला आणि थांबला.

"सांजच्याला आनून सोडतो तात्या," तो म्हणाला. "पर ह्यात माझी बी हायेत. तेवढी वळखून ठिवा."

तात्या मान खाली घालून दावी गुंडाळत राहिले. ओट्यावर श्रावस्तीला चहाचा ठसका लागला. समोरच्या घरात मथुराबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला, आणि खाली वाकून त्या आपल्या शेरडीची गाठ सोडायला लागल्या.